दोष सवयींचा की जागेचा? काहिराचा तबीब आणि मुंबईचा प्लेग

एखाद्या मुस्लीम मोहल्ल्यात टीबी, कावीळ किंवा डेंग्यू वाढला की दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. एक बाहेरून येते. ‘या लोकांच्या सवयीच तशा, त्याला कोण काय करणार?’ दुसरे आपल्याच मिंबरवरून आणि आरोग्य शिबिरांच्या मंचावरून येते. ‘आपल्या दीनमध्ये तहारतला एवढे महत्त्व, मग आपलीच वस्ती अशी का?’ पहिल्या बोलण्यात तुच्छता असते, दुसऱ्यात कळकळ. पण दोन्हींमागचे गृहीतक एकच आहे. वस्ती आजारी पडते ती तिथल्या माणसांच्या सवयींमुळे, असे दोघेही धरून चालतात.

याच्या उलट टोकाला आणखी एक बाजू आहे. तिच्या मते सगळा दोष गटाराचा, महापालिकेचा आणि सरकारचा, माणसाने काहीही खावे, कुठेही थुंकावे. मला ही दोन्ही टोके अपुरी वाटतात. एखाद्या प्रदेशाची तब्येत कशाने घडते, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फार जुना आहे. त्याची एक नीट मांडणी सुमारे हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये झाली होती. ती समजून घेतली तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईचा प्लेग आणि आजच्या गोवंडीचा टीबी वेगळ्या नजरेने पाहता येतो.

भटियाऱ्याच्या मुलाचा ग्रंथ

अली इब्न रिजवान हा अकराव्या शतकातला इजिप्तचा नामवंत तबीब. नाईलकाठच्या गिझामध्ये त्याचा जन्म झाला. बाप भट्टीवर रोट्या भाजून विकणारा. घरात पैसा नव्हता, मोठ्या उस्तादाकडे शिकायला जाण्याची ऐपत नव्हती. त्याने पुस्तकांतून वैद्यक शिकले आणि पोटासाठी ज्योतिष सांगितले. १००६ साली आकाशात एक अतिशय तेजस्वी नवा तारा दिसला. त्याचे त्याने करून ठेवलेले वर्णन आजचे खगोलशास्त्रज्ञही वापरतात. पुढे तो फातिमी खलिफांच्या काळात तबीबांचा प्रमुख झाला. स्वभावाने भांडकुदळ होता. बगदादच्या इब्न बुतलानशी त्याचा झालेला वाद अरबी वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

कैरवानच्या इब्न अल-जज्जार नावाच्या एका आधीच्या तबीबाने इजिप्त हा रोगट मुलूख असल्याचे लिहिले होते. त्याला उत्तर म्हणून इब्न रिजवानने एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, ‘इजिप्तच्या भूमीत शरीराला होणारे अपाय कसे टाळावेत’. ज्याने हा देश डोळ्यांनी पाहिलाच नाही त्याने त्याच्याबद्दल निवाडा देऊ नये, असे तो इब्न अल-जज्जारला सुनावतो. मायकल डोल्स या इतिहासकाराने १९८४ साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हापासून अरबी न येणाऱ्यांनाही तो वाचता येतो.

या ग्रंथात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फुस्तात शहराचा भाग. फुस्तात म्हणजे अम्र इब्न अल-आस यांनी सातव्या शतकात वसवलेले जुने शहर. त्याच्या शेजारीच ९६९ साली फातिमींनी अल-काहिरा उभारले. इब्न रिजवानच्याच हयातीत, १०४७ साली, नासिर खुसरो हा फारसी प्रवासी तिथे आला. फुस्तातमधली सात-सात, काही तर चौदा मजल्यांची घरे पाहून तो थक्क झाला आणि त्याने ते कौतुकाने लिहून ठेवले.

त्याच घरांकडे तबीबाने पाहिले ते वेगळ्या डोळ्यांनी. पूर्वेला मुकत्तमचा डोंगर, त्यामुळे तिकडून येणारा वारा अडतो. त्यात गल्ल्या अरुंद आणि इमारती उंच, म्हणून आतली हवा हलत नाही. लोक मेलेली कुत्री-मांजरे रस्त्यावर टाकतात, ती तिथेच कुजतात. संडासांची घाण नाईलमध्ये जाते आणि त्याच नाईलचे पाणी लोक पितात. हमामांच्या भट्ट्यांचा धूर गल्ल्यांवर साचून राहतो. अल-काहिराचे रस्ते त्यामानाने रुंद, म्हणून तिथली हवा बरी. एकाच नदीच्या काठी, एकाच उन्हात, शेजारी-शेजारी असलेल्या दोन शहरांची तब्येत वेगळी असू शकते, हे त्याने ओळखले होते.

सहा कारणे आणि एक विसरलेले कारण

युनानी वैद्यकात आरोग्य टिकवणाऱ्या किंवा बिघडवणाऱ्या सहा अटळ गोष्टी मानल्या आहेत. त्यांना ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणतात. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि शांती, झोप आणि जाग, शरीरातून बाहेर टाकणे आणि आत राखणे. मालेगाव, पुणे आणि मुंबईच्या युनानी महाविद्यालयांतली मुले आजही हे शिकतात. यादी नीट पाहिली तर तिची गंमत कळते. झोप आणि व्यायाम माणसाच्या हातात आहेत, निदान तशी समजूत आहे. हवा कुणा एकट्याच्या हातात नाही. पाणी अर्धे इकडे, अर्धे तिकडे. ते उकळून घेणे माझ्या हातात, पण नदीत काय सोडले जाते ते नाही. म्हणजे माणूस आणि जागा या दोन वेगळ्या याद्या नाहीत. एकाच यादीत त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

इब्न रिजवान व्यक्तीला सोडून देत नाही. पाणी जिथे प्रवाह जोराचा आहे तिथून भरा, उकळा, थंड होऊ द्या, गाळून घ्या, असे तो सांगतो. काय खावे, कधी खावे, ऋतूप्रमाणे दिनक्रम कसा बदलावा हेही सांगतो. मात्र साथीच्या रोगांची कारणे मोजताना तो चार गोष्टींची नावे घेतो. हवा बिघडणे, पाणी बिघडणे, अन्न बिघडणे आणि चौथी, लोकांच्या मनाची अवस्था.

या चौथ्या कारणापाशी मी थांबलो. तो म्हणतो की सगळ्या लोकांना एकाच वेळी राज्यकर्त्याची भीती बसली, किंवा पुढे दुष्काळ पडणार या काळजीने त्यांची झोप उडाली, की पचन बिघडते, शरीर खचते आणि रोगाला वाट मिळते. नाईलचे पाणी एखाद्या वर्षी कमी चढले तर धान्य महागणार हे इजिप्तच्या प्रत्येक माणसाला आधीच कळायचे. उपासमार सुरू होण्यापूर्वी तिची धास्ती सुरू व्हायची. इब्न रिजवानने हे सगळे जवळून पाहिले होते. त्याचा चरित्रकार इब्न अबी उसैबिया एक गोष्ट सांगतो. दुष्काळात त्याने एक अनाथ मुलगी घरी आणून वाढवली. एके दिवशी ती घरातले मौल्यवान सामान घेऊन निघून गेली आणि त्या धक्क्याने म्हाताऱ्या तबीबाच्या मनाचा तोल ढळला. मनावरच्या आघाताने शरीर कसे खचते हे ज्याने लिहिले, त्याच्याच वाट्याला ते आले.

इब्न रिजवानचे सगळेच आज खरे मानता येणार नाही. त्याला जंतू माहीत नव्हते. शरीरातल्या चार द्रव्यांच्या तोलावर आणि ग्रहताऱ्यांवर त्याचा विश्वास होता. कुजक्या हवेने रोग होतो असे तो धरून चालायचा. पण एखादा प्रदेश आजारी का पडतो हे विचारताना त्याने सवय, जागा आणि भीती या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या. त्याच्यानंतर ८०० वर्षांनी, जंतू सापडल्यावरही, हे राज्यकर्त्यांना जमले नव्हते. याचा पुरावा मुंबईत आहे.

मांडवी ते मदनपुरा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे मस्जिद बंदरला लागून असलेला व्यापाऱ्यांचा भाग. गोद्यांतून धान्य यायचे, वखारींत साठायचे, वर माणसे राहायची. खाली धान्य, धान्यावर उंदीर, वर माणूस. आज ज्याला पिसवांचा प्लेगप्रसार म्हणतात त्याला याहून सोयीची जागा मिळाली नसती. पण तेव्हा ते माहीत नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने पिसवांचा संबंध १८९८ साली कराचीत मांडला, आणि तो सर्वमान्य व्हायला मुंबईतले १९०५ नंतरचे संशोधन व्हावे लागले.

तोपर्यंत सरकारच्या लेखी रोगाची मुळे दोनच होती. घाण आणि ‘नेटिव्हांच्या सवयी’. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडले गेले. घरांना चुना लागला, छपराची कौले काढून ऊन आत घेतले गेले, सामान जाळले गेले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरे रंगवली गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि अधिकाऱ्यांना घराघरांत शिरण्याची मुभा मिळाली. संशयितांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत नेले जाऊ लागले.

आता इब्न रिजवानचे चौथे कारण आठवा. मुंबईत रोगाइतकीच झडतीची भीती पसरली. इस्पितळात नेतात ते मारण्यासाठीच, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी ऑर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लोक आजारी माणसे लपवू लागले, मृत्यू लपवू लागले. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर बाहेर पडले होते. त्यातले काही जण आपल्यासोबत रोगही घेऊन गेले. प्लेगने गावात माणसे मेली, पण तो गावात पोचवण्यात सरकारच्या धाकाचाही वाटा होता. पुण्यात रँडच्या कारभाराचे काय झाले हे महाराष्ट्राला सांगायला नको. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

९ मार्च १८९८ रोजी ही ठिणगी मदनपुऱ्यात पडली. मदनपुरा म्हणजे उत्तरेतून आलेल्या जुलाह्यांची, मोमीन विणकरांची वस्ती. हातमाग घरातच, मागाशेजारीच स्वयंपाक आणि झोपणे. तपासणीचे पथक एका विणकराच्या घरी पोचले. घरात १२ वर्षांची आजारी मुलगी होती. परक्या पुरुषाने तिला तपासावे हे घरच्यांना मान्य नव्हते. गर्दी जमली, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. दंगल शहराच्या इतर भागांत पसरली.

सरकारी नजरेला ही ‘धर्मांध जुलाह्यांची दंगल’ दिसली. आपल्याकडचे काही लेखक तिला ब्रिटिशांविरुद्धचा उठाव म्हणून रंगवतात. मला दोन्ही वर्णने अर्धवट वाटतात. पडद्याचा प्रश्न खरा होता. पण दीड वर्ष झडत्या सोसलेल्या आणि घर व रोजगार दोन्ही एकाच खोलीत असलेल्या माणसाला तो दिवस कसा दिसला असेल, याचाही विचार करायला हवा. छावणीत नेले की माग बंद. माग बंद की चूल बंद.

याच काळात दुसऱ्या वाटेने जे घडले तेही सांगितले पाहिजे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा इस्माईली खोजांचे तरुण इमाम सर सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू वापरायला दिली. तेव्हा त्यांचे वय जेमतेम १९-२० वर्षे होते. त्यांच्या जमातीतले हजारो लोक लशीसाठी पुढे आले. वेगवेगळ्या जमातींना आपापली इस्पितळे काढू दिली गेली, तेव्हा तिथे जायला लोक कमी घाबरू लागले. त्यांच्या सवयी एका वर्षात बदलल्या नव्हत्या, बदलला होता तो विश्वास. भीती कमी झाली की व्यक्तीचे वर्तनही बदलते, हे मुंबईने पाहिले.

पाडकाम झाले, खोल्या कमी पडल्या

प्लेगने सरकारला एक गोष्ट मात्र शिकवली. नुसता चुना लावून भागणार नाही, शहराची रचना बदलावी लागेल. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले गेले. पुढे महंमद अली रोडही याच ट्रस्टच्या कामातून आला. अरुंद गल्ल्यांबद्दल फुस्तातच्या तबीबाने जे लिहिले तेच इथे नकाशावर उतरले होते.

पण ट्रस्टने सुरुवातीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांच्या खोल्या गेल्या ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत शिरले. एका रस्त्यावर वारा आला आणि मागच्या गल्लीत गर्दी वाढली. जागा सुधारली, पण त्या जागेत राहणारा माणूस हिशोबातून गळला.

गोवंडीत तीन मीटर

ही चूक इतिहासजमा झालेली नाही. मुंबईच्या पूर्व टोकाला देवनारचा कचरा डेपो १९२७ पासून चालू आहे. शहराने ज्यांना ठिकठिकाणाहून उठवले त्यांची मोठी संख्या त्याच्या आसपास, गोवंडी-मानखुर्दमध्ये राहते. त्यांत मुसलमान आणि दलित मोठ्या प्रमाणात आहेत. जानेवारी २०१६ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला. फुस्तातच्या हमामांचा धूर याच्यापुढे काहीच नाही.

याच भागात रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठी पुनर्वसनाच्या इमारती बांधल्या गेल्या. २०१८ साली डॉक्टर्स फॉर यू या संस्थेचा तीन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये काही इमारतींतले अंतर जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो, ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. तिथे सुमारे ८ ते १० टक्के कुटुंबांत टीबीचा रुग्ण आढळला. पीएमजी कॉलनीत इमारती मोकळ्या अंतरावर आहेत, तिथे हे प्रमाण सुमारे १ टक्का होते. पहिल्या दोन वसाहतींत खालच्या मजल्यांवर टीबी जास्त आणि वरच्या मजल्यांवर कमी, असेही दिसले.

जे लोक सवयींना दोष देतात त्यांनी या आकड्यांपाशी थोडे थांबावे. तिन्ही वसाहतींत राहणारे लोक गरीब, विस्थापित, साधारण सारखेच खाणारे आणि सारखेच राबणारे. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या सवयी सातव्या मजल्यावरच्या माणसाहून वाईट असतात, असे कुणी म्हणणार नाही. फरक उन्हाचा आणि हवेचा आहे, आणि तो इमारतीचा नकाशा मंजूर झाला त्या दिवशीच ठरला. नासिर खुसरोने कौतुक केलेल्या उंच घरांमधल्या अडलेल्या हवेबद्दल इब्न रिजवानने लिहिले होते. हजार वर्षांनंतर आम्ही तसेच फुस्तात नव्याने, सरकारी मंजुरीने बांधले.

तरीही मी व्यक्तीची जबाबदारी झटकणार नाही. टीबीची औषधे मध्येच सोडणारा माणूस स्वतःला आणि खोलीतल्या बाकी सहा जणांना धोक्यात घालतो. लग्न मोडेल म्हणून मुलीचा टीबी लपवणारी घरे मी पाहिली आहेत. गुटख्याची पुडी महापालिका तोंडात टाकत नाही. या गोष्टी मिंबरवरून सांगितल्याच पाहिजेत. पण लपवण्यामागे काय आहे तेही विचारले पाहिजे. रोजगार जाईल, घरमालक खोली खाली करायला लावेल, मुलीला स्थळ मिळणार नाही. १८९८ च्या मदनपुऱ्यात माणसे याच हिशोबाने आजारी माणूस लपवत होती. ती सवय नाही, भीती आहे. भीतीवर उपदेश चालत नाही. तिथे आगाखानांसारखा कुणीतरी आधी आपली बाही वर करावी लागते.

आपल्या मोहल्ल्यांतल्या जमाती, ट्रस्ट आणि तरुण मंडळे आरोग्य शिबिरे घेतात, रक्तदाब आणि साखर तपासतात, फळे वाटतात. ते चांगलेच आहे. त्यात माझी एक भर आहे. पुढच्या शिबिरात रुग्णांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा. कोणत्या इमारतीच्या कोणत्या मजल्यावर टीबीचे रुग्ण आहेत, कोणत्या गल्लीत नळाला गटाराचे पाणी येते, कोणत्या खोलीला खिडकी नाही, याची नोंद करा. रुग्णाचे नाव लिहू नका, मजला लिहा. अशा नोंदी वर्षभर झाल्या तर नगरसेवकासमोर, महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर, गरज पडली तर न्यायालयासमोर ठेवायला काहीतरी हातात असेल.

जुन्या मुस्लीम शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारातली मापे, भिश्त्यांचे पाणी, रस्त्यावरचा अडथळा हे सगळे पाहणे त्याचे काम. तहारतचा उपदेश इमामाने करायचा आणि रस्त्याचा जाब मुहतसिबाने द्यायचा, अशी विभागणी होती. आज पहिले काम आपण दर जुम्याला करतो. दुसऱ्या कामासाठी निवडून दिलेली माणसे आहेत, कायदा आहे, अर्जाची खिडकी आहे. त्या खिडकीपाशी आपली रांग अजून फार लहान आहे.